जुनी फोर-बाय-फोर घरी आणताना: आधी फाईल, मग चमक

आमच्या गावाकडे जाणारं डांबर देवळापाशी संपतं. तिथून घरापर्यंत दीड किलोमीटर जांभ्याची वाट, मध्ये एक पऱ्या (ओहोळ), आणि पावसाळ्यात शेवटच्या चढावर हिरवंगार शेवाळ. बारा वर्षं आम्ही छोटी गाडी देवळापाशी लावून पिशव्या हातात घेऊन चालत गेलो. आईच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली तेव्हा ठरलं, की उंच, सात जणांची आणि चारही चाकांनी ओढणारी, म्हणजे फोर-बाय-फोर, गाडी घ्यायची. नवी परवडत नव्हती. जुनी शोधण्यात सात महिने गेले. एकोणीस गाड्या पाहून सोडल्या, विसावी घेतली. या लेखात जे आहे ते बरंचसं त्या सोडलेल्या एकोणीस गाड्यांकडून शिकलेलं आहे.

सुरुवातीलाच एक हिशेब मनात पक्का करा. समजा नवी असताना सत्तर लाखांची असलेली गाडी दहा वर्षांनी सतरा लाखांत मिळतेय. किंमत खाली आली, पण तिचा हेडलाईट, शॉकअप, ब्रेक डिस्क, इंजेक्टर सत्तर लाखांच्या गाडीचेच राहिले. सुट्या भागांच्या काउंटरवर गाडीचं वय विचारून भाव सांगत नाहीत. म्हणून अशा गाडीत ‘स्वस्त मिळाली’ या वाक्याला अर्थ नाही. ‘नीट ठेवलेली मिळाली’ याला आहे. माझा साधा नियम: हातात वीस लाख असतील तर सतरा लाखांचीच गाडी बघायची. उरलेले तीन लाख पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, ब्रेक, बुश आणि सगळी तेलं यांच्यासाठी. नाही लागले तर सोन्याहून पिवळं.

खरंच चारही चाकं लागणार आहेत का?

महाबळेश्वरला वर्षातून दोनदा जाणाऱ्याला फोर-बाय-फोर लागत नाही. शेतावर, कोकणातल्या वाडीवर, स्पिती-लडाखला जाणाऱ्याला लागते, आणि तिथेही दोन प्रकार समजून घ्यावे लागतात.

पहिला प्रकार शिडीसारख्या चासीवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, बांधलेल्या गाड्यांचा. टोयोटाची फॉर्च्युनर, फोर्डची एन्डेव्हर, मित्सुबिशीची पजेरो स्पोर्ट या त्यातल्या. यांच्या फोर-बाय-फोर मॉडेलमध्ये लो रेंज असते, म्हणजे वेग कमी करून चाकाला जास्त जोर देणारा वेगळा गिअर. ओझ्यासकट ओल्या चढावर गाडी रांगत चढते ती याच्या जिवावर. दुसरा प्रकार ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्या, म्हणजे चारही चाकांना आपोआप ताकद पोचवणाऱ्या, आलिशान गाड्यांचा: लँड रोव्हरची डिस्कव्हरी स्पोर्ट, ऑडीची क्यू-सेव्हन, मर्सिडीजची जीएलई वगैरे. हमरस्त्यावर यांची सर पहिल्या प्रकाराला येत नाही. आवाज नाही, हेलकावे नाहीत, मागे बसलेल्या मुलांना उलटी होत नाही. बर्फ, चिखल, वाळूचा थोडा पट्टा याही निभावतात. पण यांतल्या बहुतेकींना लो रेंज नसते आणि खाली लोंबणारे महागडे भाग जास्त.

भारतात फॉर्च्युनर २००९ मध्ये आली. दुसरी पिढी नोव्हेंबर २०१६ मध्ये, २.८ लिटर डिझेल इंजिन घेऊन. २०२१ मध्ये त्याच इंजिनाची ताकद वाढली. पहिल्या पिढीच्या ३.० लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, जो ठरावीक काळाने बदलावा लागतो; २.८ ला चेन. त्यामुळे ३.० घेताना बेल्ट कधी बदलला याचं बिल मागायचंच. दुसऱ्या पिढीची एन्डेव्हर २०१६ ची, आणि तिचं ३.२ लिटरचं पाच सिलिंडरवालं इंजिन चालवलेला माणूस अजून त्याबद्दल प्रेमाने बोलतो. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि सुटे भाग मिळतात, पण घेण्याआधी तुमच्या गावाहून जवळचं वर्कशॉप किती लांब आहे ते मोजा. डिस्कव्हरी स्पोर्ट पुण्यात जुळवली जाते, मर्सिडीज चाकणला, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. म्हणून त्या महाराष्ट्रात स्वस्तात दुरुस्त होतात, असा गैरसमज मात्र करून घेऊ नका.

एक सावधगिरी: रस्त्यावर दिसणाऱ्या फॉर्च्युनरपैकी कितीतरी टू-व्हील-ड्राइव्ह असतात. मागे ‘४×४’ चा बिल्ला चिकटवायला दोनशे रुपये पुरतात. आत बघा. दुसऱ्या पिढीत टू-एच (दोन चाकं), फोर-एच (चारही चाकं), फोर-एल (चारही चाकं, लो रेंज) अशी गोल खुंटी असते, पहिल्या पिढीत वेगळा दांडा. खुंटी किंवा दांडा नसेल तर बिल्ला खोटा.

इंजिनाआधी घरच्यांना बसवा

ही पायरी सगळे शेवटी करतात. आम्हीही पहिल्या पाच गाड्यांत तीच चूक केली. सहाव्या वेळी आईला बरोबर नेलं. तिने दार उघडलं, वरचं हँडल धरलं, डावा पाय पायदानावर ठेवला आणि थांबली. उजवा पाय वर येईना. साडीच्या निऱ्या पायदानाच्या कडेत अडकल्या. विकणारा म्हणाला, “काकू, सवय होईल.” आई खाली उतरली आणि मला म्हणाली, “सवय व्हायला माझ्याकडे वेळ आहे का?” गाडी उत्तम होती. सोडली.

नंतर कळलं की फरक काही इंचांचाच असतो. पायदान किती रुंद आहे, आणि दाराच्या खांबावर धरायला हँडल आहे की फक्त छताला, यावर सगळं ठरतं. पायदान नंतर बसवता येतं. खांबावरचं हँडल नाही. चिखलाचे बूट घालून तुम्ही स्वतः चढून पाहा, आणि घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती आणि सगळ्यात लहान मूल दोघांनाही चढवून पाहा.

तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला बसवून गाडी दहा मिनिटं फिरवा. चासीवाल्या गाड्यांत मागची जमीन उंच असते, त्यामुळे गुडघे छातीशी येतात. मुलांना चालतं, काकांना नाही. फॉर्च्युनरची तिसरी रांग बाजूला उचलून खिडकीशी टांगावी लागते, एन्डेव्हरची सपाट मिटते. गणपतीला गावी जाताना सात माणसं आणि सामान दोन्ही घ्यायचं असेल तर सीट उभ्या ठेवून डिक्कीत काय मावतं ते बघा. आम्ही घरून दोन बॅगा आणि एक रिकामी आंब्याची पेटी घेऊन जायचो. विकणारे हसायचे. हसू देत.

फोनवरच निम्म्या गाड्या बाद होतात

गाडीचा नंबर मागा. द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडे जाऊच नका. नंबर मिळाला की परिवहनच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर मालक कितवा, नोंदणीची तारीख, विमा कधीपर्यंत, पीयूसी, बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर थकलेले दंडही पाहून घ्या. एका गाडीवर एक्सप्रेस-वेवरच्या वेगाची सतरा चलनं निघाली. दंड भरता येतो, पण ती गाडी कशी पळवली गेली तेही त्यातून कळतं.

मग विम्याची पॉलिसी व्हॉट्सॲपवर मागा आणि त्यातला नो क्लेम बोनसचा आकडा वाचा. क्लेम न करता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढतो. मालक सांगतोय की सहा वर्षांत ओरखडासुद्धा नाही, आणि पॉलिसीत बोनस शून्य. मग क्लेम कसला होता, हे विचारायचं. क्लेम घेतला म्हणजे गाडी वाईट असं नाही. लपवला तर वाईट. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तुम्हाला तो मिळणार नाही हेही हिशेबात धरा.

तिसरा प्रश्न सर्व्हिसच्या नोंदींचा. अधिकृत वर्कशॉपमध्ये चासी नंबरवर सगळा इतिहास असतो आणि मालकाने मागितला तर मिळतो. प्रत्येक भेटीचं किलोमीटर वाचन त्यात असतं. मीटर मागे फिरवलेला पकडायचा याच्याइतका साधा उपाय दुसरा नाही: २०१९ च्या नोंदीत ८८,००० आणि आज मीटरवर ७१,०००.

किलोमीटरची भीती मात्र मनातून काढा. गावातल्या गावात चाललेली, नोंदी नसलेली ४५,००० किलोमीटरची गाडी एकीकडे, आणि ड्रायव्हरने हमरस्त्यावर चालवलेली, वेळेवर तेल बदललेली सव्वा लाखाची गाडी दुसरीकडे ठेवा. मी डोळे झाकून दुसरी घेईन.

दिल्लीची स्वस्त गाडी

शोधताना हा मोह येतोच. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला. पुढे त्या नियमात फेरफार होत राहिले, पण तिथल्या डिझेल गाड्यांचे भाव पडले ते पडलेच. फोटोत गाडी लखलखीत, भाव इथल्यापेक्षा तीन-चार लाख कमी.

आता पुढचं जोडा. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर. त्यासाठी इथला रस्ता कर, जो वीस लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला १५ टक्के असतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे घटवून लावतात, पण आधार मूळ बिलाच्या किमतीचा. तिथे भरलेला कर परत मिळवायला तिथल्याच ऑफिसात खेटे, ट्रकने गाडी आणण्याचा खर्च, एजंट. तीन-चार लाखांपैकी बरेचसे इथेच जिरतात. महाराष्ट्रातली गाडी दुसऱ्या जिल्ह्यातून घेतली तर नंबर तोच राहतो आणि नवा कर लागत नाही. नाशिकची एमएच-१५ पुण्यात बिनधास्त चालते.

पंधरा वर्षांकडे झुकलेली आयात गाडी घेणार असाल तर आणखी एक: एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची फी साध्या कारला ५,००० आणि आयात कारला ४०,००० रुपये केली गेली. वर फिटनेस आणि पर्यावरण कर वेगळे.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

सकाळी जा, उन्हात जा, आणि ‘मी येईपर्यंत सुरू करू नका’ असं आधीच सांगा. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर. गरम लागलं तर थंड इंजिन काय करतं ते कुणीतरी तुमच्यापासून लपवलंय. थंड डिझेल सुरू होताना थोडा खडखडाट चालतो. निळसर धूर चालत नाही. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर चहा पिऊन आपल्या घरी निघा.

रंगाखाली लांबी (पुट्टी) भरली आहे का ते बोटांनी कळत नाही. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र भाड्याने किंवा मेकॅनिककडे मिळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. दारावर ३०० दाखवलं तर डेंटिंग-पेंटिंग झालंय, तेही एकवेळ चालेल. तोच आकडा छताला किंवा खांबाला दिसला तर गाडी उलटली होती का, हे विचारायची वेळ आली. काचांवर कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. एकच काच वेगळी असेल तर तिची गोष्ट ऐका.

आता खाली झोपा. खरंच झोपा, चटई घेऊन जा. मुंबई आणि कोकणातल्या गाड्यांची खरी परीक्षा तिथे आहे. वरवरचा तांबूस गंज सगळ्यांना असतो. पण चासीच्या सांध्यांवर पापुद्रे सुटत असतील, स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर पूड पडत असेल, तर गाडी समुद्राच्या पाण्यात फिरवलेली असायची दाट शक्यता. काशीद-हर्णैच्या वाळूत रीळ काढणारे हौशी कमी नाहीत, आणि गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालायला बंदीच आहे. खालून नव्याकोऱ्या काळ्या रंगाचा जाड थर दिसला तर जास्त संशय घ्या. चासी नंबर तिथेच पुढच्या चाकाजवळ रेलवर ठोकलेला असतो. आरसीशी अक्षर अन् अक्षर जुळवा.

पुरात बुडालेली गाडी ही वेगळीच जात. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा शेकडो गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकायला येतात. सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. धुतलेल्या गाडीतही शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटखालचे रूळ, स्टेपनीचा खड्डा, कार्पेटखालचा फोम चाचपा. आत शिरताच अत्तराचा घमघमाट आला तर खिडक्या बंद करून पाच मिनिटं बसा. अत्तराखालचा कुबट वास वर येतो.

एअर सस्पेन्शनची रात्र

आलिशान गाड्यांपैकी बऱ्याच पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात. चालवताना ढगावर बसल्यासारखं वाटतं. आम्ही अशी एक जर्मन गाडी जवळजवळ घेतलीच होती. टोकन द्यायला संध्याकाळी गेलो, मालक बाहेर गेले होते, गाडी दुपारपासून उभी होती. मुलगा म्हणाला, “बाबा, ही लंगडी झालीय.” मागचा डावा कोपरा चार बोटं खाली बसला होता. मालक आले, त्यांनी किल्ली फिरवली, फुग्यांत हवा भरणारा कंप्रेसर घुरघुरला आणि गाडी पुन्हा ताठ उभी राहिली. दुपारी आम्ही पाहिली होती ती अशीच ताठ.

तेव्हापासून माझी अट: फुग्यांची गाडी असेल तर संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी टेपने मोजायचं, आणि सकाळी सुरू करायच्या आधी पुन्हा मोजायचं. एखादा कोपरा खचला असेल तर फुगा किंवा नळी गळतेय, आणि गळतीमुळे जादा चालून कंप्रेसरही थकलेला असणार.

चालवून पाहणं

सोसायटीभोवतीची चक्कर म्हणजे चालवणं नव्हे. पुण्यात असाल तर बोपदेव घाट चढा, उतरा. चढताना तापमानाचा काटा, उतरताना ब्रेकची थरथर आणि ऑटोमॅटिक गिअरचा झटका, तिन्ही कळतात.

फोर-बाय-फोर तपासायला मातीचं मैदान किंवा खडीचा रस्ता शोधा. फॉर्च्युनरसारख्या गाडीत फोर-एच मध्ये टाकून कोरड्या डांबरावर वळणं घेऊ नका. पुढची-मागची चाकं एकमेकींना ओढतात आणि सगळी यंत्रणा पिळली जाते. मातीवर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये, फोर-एल लावा. दिवा लुकलुकून स्थिर व्हायला हवा. शंभर मीटर सरळ, मग हळू वळण. कटकट, ठोका किंवा लुकलुकत राहणारा दिवा म्हणजे खर्च. विकणारे अभिमानाने सांगतात, “फोर-बाय-फोर कधी वापरलंच नाही साहेब!” ही स्तुती नाही. वर्षानुवर्षं न हललेले भाग अडकून बसतात.

टायर चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, सारखे झिजलेले हवेत. बाजूला चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही असली तरी बदलायचे म्हणूनच धरा आणि तेवढे पैसे भावातून कापा.

बीएस-सिक्स या प्रदूषणाच्या नियमाची डिझेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, असेल तर तिचं आयुष्य कुठे गेलं ते विचारा. फक्त शाळा-भाजी-ऑफिस अशा छोट्या फेऱ्यांत धूर गाळणारी जाळी तुंबते.

शेवटी आपला मेकॅनिक. विकणाऱ्याने सुचवलेला नको, त्याच ब्रँडवर हात बसलेला हवा. त्याला दिवसाची मजुरी द्या आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. स्कॅनरवर एकही दोष नाही, पण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतायत, तर कोणीतरी नुकतेच दोष पुसलेत.

सही करताना

आमची विसावी गाडी नाशिककडच्या एका द्राक्षबागायतदाराची, २०१८ ची फॉर्च्युनर, १,१४,००० किलोमीटर. बोनेटवर दगडांचे टिपके, आतला लेदर थोडा भेगाळलेला. पण त्यांनी आधी गाडी नाही, निळी प्लॅस्टिकची फाईल पुढे केली. तेलाची, ब्रेकची, चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शिअलच्या ऑइलची बिलं, आणि एका चिठ्ठीवर पेनाने: ‘डावा मागचा, खिळा, पिंपळगाव.’ पंक्चरची नोंद ठेवणारा माणूस तेल बदलायला विसरत नाही. भाव फार केला नाही.

नाव बदलण्याचे कागद असे: फॉर्म २९ विकणाऱ्याकडून, फॉर्म ३० दोघांचा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५. कर्जाची उरलेली रक्कम थेट कर्जखात्यात भरा, मालकाच्या हातात नको. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सही करणाऱ्याला तसा अधिकार दिल्याचं कंपनीचं पत्र. डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र मागा. कोऱ्या टीटीओ (मालकी बदलण्याच्या) फॉर्मवर सह्या घेऊन ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं. विमा कंपनीला १४ दिवसांत अर्ज करा, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम लटकतो. दुसरी किल्ली हातात घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आलिशान गाडीची एक किल्ली बनवायला किती लागतात ते विचारून बघा, मग पटेल. जुना फास्टॅग मालकाकडून बंद करून घ्या. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का पाहा.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअर, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) आणि दोन्ही डिफरन्शिअलचं तेल बदलून टाका, बिलं काहीही सांगोत. आणि महिन्यातून एकदा मातीवर फोर-एल लावून थोडं चालवा. आम्ही ते देवळामागच्या मैदानात करतो. आई पायदानावर उजवा पाय ठेवून चढते, निऱ्या आधी वर धरते, आणि नातू निळ्या फाईलमध्ये तारीख लिहितो.